हिप्परग्याच्या माळावर 60 किलोमीटर: घोडा वेट गेटमधून पार कसा पडतो

सोलापूरच्या उत्तरेला, हिप्परगा तलावाच्या आसपासच्या माळावर 60 किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारीची स्पर्धा, 20 किलोमीटरच्या तीन फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरीनंतर पशुवैद्यांची तपासणी, म्हणजे वेट गेट, आणि दोन फेऱ्यांमध्ये 40 मिनिटांची सक्तीची विश्रांती. दिवस फेब्रुवारीचे. पहाटे अंगावर स्वेटर लागतो आणि अकराच्या सुमारास ऊन चटका देऊ लागतं. त्यामुळे इथली स्पर्धा वेगापेक्षा घोड्याची नाडी किती लवकर खाली येते यावर ठरते.

पहिली फेरी उजाडताना सुटते आणि बहुतेक मुरमाच्या वाटेने जाते. जमीन गार, घोडा ताजा, पुढचे घोडे दिसत असतात, म्हणून तो लगाम ओढतो. इथे ताशी 12 ते 13 किलोमीटर वेगाची एकसारखी दुडकी (ट्रॉट) धरावी. मुरमात दगडाचे कंगोरे वर आलेले असतात, त्यावर भरधाव सोडलेल्या घोड्याचा तळवा दुखावतो. त्या वेळी काही जाणवत नाही, लंगडेपणा दिसतो तो विश्रांतीनंतर अंग गार झाल्यावर. नाल आदल्या दिवशी ठोकू नयेत. आठ-दहा दिवस आधी नालबंदी झाली तर एखादा खिळा जवळून गेला असल्यास तो घरीच कळतो. वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी खूर साफ करायचा आकडा सोबतच हवा.

दुसरी फेरी कालव्याकडच्या सपाट, मऊ वाटेने. वेग वाढवायचा तर इथेच. अडचण दोन गोष्टींची. गाळप हंगाम असल्याने उसाच्या जोड-ट्रॉल्या मोठ्याने गाणी लावून समोरून येतात, म्हणून घरच्या सरावात घोड्याला ट्रॅक्टरची सवय करून ठेवावी. दुसरी, वाटेकडेची कोवळी ज्वारी. घोडा जाता जाता तोंड मारतो, पण पाण्याचा ताण पडलेल्या किंवा खोडव्याच्या कोवळ्या फुटव्यात विषारी सायनाइड तयार होतं. जनावराला किराळ लागते असं शेतकरी म्हणतात ते हेच. लगाम आखडून धरा. खायला द्यायचं ते तळावर, भिजवलेला लसूणघास.

तिसऱ्या फेरीत काळी जमीन येते. पाणी आटल्यावर तिला भेगा पडतात, वरून पालापाचोळा असला की त्या दिसत नाहीत. अशा पट्ट्यात चालतच जावं. दुपारच्या उन्हात ही चाल नाडीच्याही पथ्यावर पडते.

आता वेट गेट. नाडी मिनिटाला 64 किंवा त्याखाली हवी, आणि तीही ठरावीक मुदतीत. आंतरराष्ट्रीय नियमांत मधल्या तपासणीला 15 आणि शेवटी 20 मिनिटे मिळतात. देशातल्या स्पर्धांचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून त्या त्या स्पर्धेची नियमावली आधी वाचावी. मधल्या फेरीचं घड्याळ घोडा तपासणीला हजर होईपर्यंत चालू राहतं, आणि सगळा हिशेब इथे आहे. शेवटचा किलोमीटर ताशी 15 च्या वेगाने 4 मिनिटांत होतो, चालत 10 मिनिटांत. तोटा 6 मिनिटांचा. पण उन्हात धावत आलेल्या घोड्याची नाडी उतरायला सहज दहा-बारा मिनिटे जातात, चालत आलेल्याची दोन-तीन मिनिटांत उतरते. शेवटचे पाचशे मीटर खाली उतरून, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करून हाताने चालवत आणणं सगळ्यात चांगलं.

तळावर दोन माणसं बादल्या घेऊन तयार हवीत. पाणी मानेवर, छातीवर, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या आतल्या बाजूला सतत ओतत राहायचं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं तर स्नायू आखडतात ही समजूत चुकीची आहे. दर वेळी पाणी निपटत बसण्यापेक्षा पुढची बादली ओता. स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावून स्वतः मोजा, आकडा 60 च्या आत आल्यावरच पुढे न्या.

त्यानंतर पशुवैद्य हिरड्यांचा रंग, कातडीची चिमूट, आतड्यांचे आवाज पाहतात आणि घोडा दुडकी चालवून लंगडेपणा तपासतात. काही वेळा नाडी मोजून घोडा सुमारे 38 मीटर दुडकीने नेऊन परत आणतात आणि दुडकी सुरू झाल्यापासून एका मिनिटाने पुन्हा मोजतात. चार ठोक्यांहून जास्त वाढ दिसली तर दुखणं किंवा थकवा लपलेला आहे असं समजतात. दुडकीऐवजी रेवाल या झुलत्या, आरामशीर चालीत मुरलेल्या मारवाडी घोड्यांची इथे पंचाईत होते, कारण लंगडेपणा दुडकीत सर्वांत स्पष्ट दिसतो. सैल दोरीवर सरळ रेषेत दुडकी चालणं त्यांना महिनाभर आधी शिकवावं.

इलेक्ट्रोलाइट, म्हणजे घामातून जाणारे क्षार भरून काढायला देतात ते मिश्रण, त्याबाबत एक आग्रहाचं सांगणं: खाण्याचा सोडा देऊ नका. घोड्याच्या घामातून क्लोराइड फार जातं आणि रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं. सोड्याने ते आणखी झुकतं. मग छातीच्या ठोक्याबरोबर कुशी उडू लागते. तसं दिसलं तर घोडा तिथेच थांबवून पशुवैद्यांकडे न्यावा. साधं मीठ दोन भाग आणि पोटॅशियम क्लोराइड एक भाग पुरेसं, आणि तेही पाणी पिणाऱ्या घोड्यालाच. न पिणाऱ्याला मीठ पाजलं तर शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. चंदीचा (दाण्याचा) मोठा खुराक सुटण्याआधी चार तासांच्या आत नको, वैरण मात्र रात्रभर पुढ्यात असावी. भरलेलं आतडं पाण्याचा साठा धरून ठेवतं. कोरडा कडबा कमी पाणी पिणाऱ्या घोड्याच्या पोटात अडकतो, तो कुट्टी करून भिजवून द्यावा.

कागदपत्रांत ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमिया या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या निगेटिव्ह तपासण्या लागतात. अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून रक्ताचा नमुना लवकर द्यावा. वेदनाशामक औषध नुकतंच दिलं असेल तर ते अंगातून जायला किती दिवस लागतात हे पशुवैद्यांना विचारून मगच नाव नोंदवा.

शेवटची रेषा ओलांडली की घोडा लगेच ट्रकमध्ये चढवू नये. दोन तासांनी लेंडी टाकली का, चाऱ्याला तोंड लावलं का, लघवीचा रंग काय, हे पाहावं. लघवी गडद तपकिरी दिसली तर स्नायूंना इजा झालेली असते, अशा घोड्याला चालवू नये, पशुवैद्यांना जागेवरच बोलवावं. बाकीच्यांना रात्र तिथेच काढू द्या आणि सकाळी दुडकी पाहून, पायांवर हात फिरवून मगच गाडी काढा.