इंटरव्ह्यूच्या नावाखाली दिवसभर राबवून घेतलं

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, झालंच तर आपलं कोल्हापुरातलं जुनं उद्यमनगर. एवढ्या टापूत इतक्या फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने आहेत, की क्वालिटीत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाचा बायोडाटा फार दिवस पडून राहत नाही. माझाही राहिला नाही. मी डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या गोकुळ शिरगावात. पगार जागचा हलेना म्हणून बायोडाटा फिरवला आणि शिरोलीतल्या एका कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन आला. "अठ्ठावीस देऊ, या भेटायला." हातात अठ्ठावीस का, विचारलं. "ते सर बोलतील."

वेळ दहाची होती. गेटवर मोबाइल जमा केला, रजिस्टरात सही केली आणि साडेअकरापर्यंत बाकड्यावर बसलो. याबद्दल तक्रार नाही, फाउंड्रीत सकाळी भट्टी लागायच्या वेळी कुणाला फुरसत नसते.

आत धाकटे मालक. बायोडाटा समोर होता, पण त्यावर नजरसुद्धा टाकली नाही. गाव कुठलं? शेती किती? ऊस कुठल्या कारखान्याला जातो? आडनावावरून नेमका अंदाज लागेना, तेव्हा "पाहुणे कुठले तुमचे?" असं आलं. आपल्याकडं जात कुणी थेट विचारत नाही, पाहुण्यांच्या गावावरून काढतात. मी आजोळचं गाव सांगितलं, त्यावरून त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. लग्न झालंय का, भाऊ काय करतो, वडील रिटायर कधी होणार, सगळं झालं. कामाचा एक प्रश्न नाही. मग म्हणाले, "टेक्निकल राऊंड शॉपवरच घेऊया. प्रत्यक्ष बघून सांगा."

मला हे आवडलं, खरं सांगतो. केबिनमध्ये बसून ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या बिडाच्या दोन प्रकारांतला फरक सांगण्यापेक्षा हे बरं. क्वालिटीचे साहेब मला रिजेक्शनच्या ढिगापाशी घेऊन गेले. ट्रॅक्टरचं एक हाउसिंग होतं. मशीनिंगनंतर वरच्या अंगाला, म्हणजे कोपच्या (साच्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या) बाजूला, बारीक बारीक भोकं उघडी पडत होती. आतून गुळगुळीत, चकचकीत. म्हणजे साच्याची वाळू गळून पडलेली नव्हती, गॅसचा प्रकार होता. "कशामुळं असेल?" त्यांनी विचारलं.

नुसतं कास्टिंग बघून कुणी छातीठोक सांगत असेल तर तो ज्योतिषी. मी रिजेक्शनचं रजिस्टर मागितलं आणि हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याच्या नंबरवरून, ओतायच्या वेळा लावत बसलो. बहुतेक माल शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यातला निघाला. ओतायचं तापमान 1400 अंशांच्या आसपास, दिवसभर जवळपास सारखंच. कोअर, म्हणजे पोकळ भागासाठी साच्यात बसवतात ते गाभे, त्याच, सकाळी चालणाऱ्या. मग वाळूकडं गेलो. रिटर्न सँडच्या, म्हणजे साचा फोडून परत येणाऱ्या वाळूच्या बेल्टवर हात धरवेना, इतकी गरम. लाइन सलग चालली की वाळूला थंड व्हायला उसंत मिळत नाही. गरम वाळूतलं पाणी वाटेतच उडतं, ती कोरडी वाटते, आणि मिक्सरवरचा माणूस अंदाजानं पाणी वाढवतो. कधी कमी पडतं, कधी जास्त. जास्त झालं की ओतताना त्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. साच्यातून बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती धातूतच अडकते.

सँड लॅबमध्ये लॉगशीट बघितलं. मॉइश्चर, म्हणजे वाळूतल्या पाण्याचे टक्के: 3.4, 3.4, 3.4, 3.4. अख्ख्या शिफ्टला एकच आकडा, एकच पेन, आणि शेवटच्या रकान्यातली वेळ अजून व्हायचीच होती! लॅबमधला पोरगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "दादा, तेवढं लिवायला सांगितलंय." मी मिक्सरखालची वाळू घेऊन त्याच्याकडूनच टेस्टरवर टाकून घेतली. 4.3 आलं.

तोवर दुपारचे तीन वाजले होते. कँटीनमध्ये जेवलो. तांबडा रस्सा नव्हता, पण आमटी झणझणीत होती, ते कबूल करायला पाहिजे. जेवण झाल्यावर क्वालिटीच्या साहेबांनी कॉम्प्युटरसमोर बसवलं. "जे सांगितलंत ते जरा या फॉरमॅटमध्ये भरा. तुमचं रायटिंग बघायचंय."

फॉरमॅट 8-डीचा होता. क्वालिटीवाल्यांना सांगायला नको: गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की मूळ कारण काय, उपाय काय, परत होऊ नये म्हणून काय केलं, हे आठ टप्प्यांत लिहून द्यावं लागतं. पण हा सरावाचा कोरा फॉर्म नव्हता. वर गिऱ्हाइक कंपनीचं नाव, तक्रार नंबर, सगळं भरलेलं. उत्तराची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. टेक्निकल राऊंड कशासाठी होता, ते तिथं कळलं. मी डी-4 पर्यंत, म्हणजे मूळ कारणापर्यंत लिहिलं आणि उठलो. "पुढचं का थांबवलं?" साहेब म्हणाले. म्हटलं, "डी-5 पासून उपाय सुरू होतात, ते जॉइन झाल्यावर भरतो."

त्यांना हसू आलं नाही.

पाच वाजता एचआर मॅडमकडं. आता पगार. अठ्ठावीस म्हणजे सीटीसी, कंपनीला माझ्यामागं येणारा सगळा खर्च. बेसिक 15,000. कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,800, तो त्यातच. बोनस 8.33 टक्क्यांनी 1,250, तोही त्यातच, वर्षातून एकदा मिळणार. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे आणखी सातशेवर, तेही त्यातच. ते हातात पडायला पाच वर्षं टिकायला पाहिजे. मग माझा पीएफ 1,800 आणि प्रोफेशनल टॅक्स 200. मी तिथंच कागदावर बेरीज-वजाबाकी केली, बावीस हजार आणि वर दोनशे-काही. सध्या घेतो त्याच्याहून पंधराशे जास्त. राहतो राजारामपुरीत, शिरोलीला जायचं तर तावडे हॉटेलच्या चौकातलं ट्रॅफिक रोज, पेट्रोल वेगळं.

तेही एक वेळ चाललं असतं. पण पुढं ओरिजिनल मार्कलिस्ट आणि डिप्लोमा सर्टिफिकेट जमा करायचं, दोन वर्षांचा बाँड, आणि सह्या करून दोन कोरे चेक. "सगळेच देतात," मॅडम म्हणाल्या. "आम्ही कुठं बँकेत टाकतो?"

माझा मावसभाऊ वकील आहे, त्यामुळं चेकचं थोडं कानावर होतं. सही करून दिलेला कोरा चेक समोरच्यानं भरला तरी तो चेकच राहतो. न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं 138 कलम लागू शकतं, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि पैसे देणं लागत नव्हतो, हे सिद्ध करायची जबाबदारी पहिल्यांदा सही करणाऱ्यावर येते. बाँडचं निदान समजू शकतो, कंपनीनं शिकवण्यावर खर्च केला असेल तर तो मागण्यात काही अर्थ आहे. इथं शिकवून आलो होतो मी.

"घरी विचारून सांगतो," म्हटलं. "आजच सांगा, बाहेर चारजण थांबलेत." बाहेर बाकड्यावर एक टेम्पोवाला चलनाची वाट बघत बसला होता.

यात सर्वांत लागलेली गोष्ट पुढंच आहे. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर आमचे मॅनेजर दारातच, "काय म्हणतंय शिरोली?" धाकट्या मालकांनी संध्याकाळीच फोन लावला होता, माणूस कसा आहे म्हणून. सध्याच्या कंपनीत कळवू नका, हे मी एचआरला फोनवर सांगितलं होतं आणि फॉर्मवर लिहूनही दिलं होतं. आमचे मॅनेजर सरळ माणूस, चहा पाजला आणि विषय सोडला. दुसरा कुणी असता तर त्या महिन्यापासून माझं इन्क्रिमेंट कायमचं गेलं असतं.

आता फोन आला की आधीच तीन गोष्टी विचारतो. हातात किती, ओरिजिनल कागद ठेवून घेता का, कोरा चेक लागतो का. एकानं "एवढं आधीच कोण विचारतं?" म्हणून फोन ठेवला. कागलच्या एका कंपनीनं तासाभरात पगाराचा सगळा ब्रेकअप व्हॉट्सॲपवर पाठवला, खाली "चेक वगैरे काही नाही". पुढच्या आठवड्यात तिकडं जाऊन येतोय. रजा टाकताना मॅनेजरना खरं कारण सांगितलंय.