उरलेले चार

लेकीला फिल्मवर फोटो काढायचेत. माझ्याकडे बरा डिजिटल कॅमेरा आहे, तिच्या हातातला फोन त्याहून महाग आहे, आणि तरी बाईसाहेबांना नौपाड्यातल्या आजोबांच्या कपाटातला यशिका एमएफ-२ हा रोलचा कॅमेरा हवा होता. कारण काय, तर ‘आई, त्यात ग्रेन असतो गं.’ आमच्या वेळी फोटोत असे दाणे दिसले की आम्ही लॅबवाल्याशी भांडायचो.

मला कुणी विचारलं, फिल्म की डिजिटल, तर मी क्षणभरही अडखळणार नाही. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला गेले की एका सकाळी ८०० फोटो काढते आणि घरी येऊन ७९० उडवते. उरलेल्या दहांत एखाद्याची मान नीट येते. हेच फिल्मवर करायचं तर ३६ च्या हिशोबाने तेवीस रोल झाले. आता एक रंगीत रोल हजाराच्या घरात गेलाय, धुणं आणि स्कॅनिंग वेगळं. शिवाय ढग आले तर डिजिटलवर आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची क्षमता दाखवणारा आकडा, वाढवला की काम भागतं. फिल्मचं तसं नाही, शंभरचा रोल घातला की तो संपेपर्यंत शंभरच.

तेव्हा ग्रेनबिनचं मला कौतुक नाही. मला आठवतात ते रोल संपवायला काढलेले फोटो.

आमच्याकडे रोल गणपतीत भरला जायचा. आरास, आरती, आलेगेले यांत पंधरा-सोळा जायचे, मग दिवाळी, मग कुणाची तरी मुंज. आणि तिथे गाडी अडायची. चार-पाच उरायचे. अर्धा रोल धुवायला टाकावा तर उरलेले फुकट जातात, आणि कॅमेऱ्यात तसाच ठेवावा तर फिल्मवर पडलेली पण न धुतलेली प्रतिमा हळूहळू विरत जाते, रंग बिघडतात. ठाण्याच्या दमट हवेत तर जास्तच. हे शास्त्र बाबांना माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. गोखले रोडवरच्या लॅबवाल्याने ‘लवकर आणत जा हो, रंग उतरतात’ असं एकदा म्हटलेलं, तेवढं त्यांना पुरलं. मग एखाद्या रविवारी जेवणं आटोपली की बाबा जाहीर करायचे, ‘चार उरलेत. संपवून टाकू.’

मग समोर येईल ते. गॅसवरचा कुकर. गॅलरीत दोरीवर वाळणारे लेंगे. डोक्याला पंचा गुंडाळून ओट्याशी उभी असलेली आई, ‘अहो, अवतार बघा माझा, कशाला फुकट घालवताय’ म्हणताना तोंड उघडं राहिलेली. सेल वाचवायचे म्हणून फ्लॅश बंद, त्यामुळे निम्मे फोटो काळपट. एकदा तर त्यांनी नुसत्या नळाचा काढला होता. त्यावर आई दोन दिवस बोलत होती.

या फोटोंना अल्बममध्ये जागा नसायची. ते निगेटिव्हच्या शेजारी लॅबच्या पाकिटातच राहायचे. परवा ती पाकिटं उघडली. मुंजीच्या फोटोंत एका ओळीत ताठ उभे असलेले पंधराजण आहेत, त्यातले सहा कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही. पण कडाप्प्याचा ओटा आहे, पितळी पिंप आहे, नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं आहे. ती इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. गॅलरीसमोरचा आंबा लेंग्यांच्या मागे, अर्धामुर्धा, तेवढा शिल्लक आहे.

असले बिनकामाचे फोटो फोनमध्ये हजारांनी असतात, असं म्हणाल. मी माझा फोन चाळून पाहिला. विजेच्या मीटरचं रीडिंग, औषधाची पट्टी, मॉलच्या पार्किंगमधल्या खांबाचा नंबर, मिक्सरच्या तुटलेल्या झाकणाचा फोटो, दुकानदाराला दाखवायला. सगळे कामाचे! नळाचा एकही नाही. जिथे काही संपतच नाही, तिथे संपवायचं म्हणून कुणी काढणार कशाला?

गंमत म्हणजे पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तो फिल्म विकणाऱ्या कोडॅकमध्येच, १९७५ साली, स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने. साडेतीन किलोंच्या वरचं धूड, आणि एक कृष्णधवल फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. एका कॅसेटवर किती फोटो ठेवायचे? त्याने ठरवले ३०. का, तर २४ आणि ३६ च्या रोलची लोकांना सवय, म्हणून त्यांच्या मधला आकडा. हे वाचून मला बाबाच आठवले.

कारण बाबांचा लौकिक आकड्यांचाच. ३६ च्या रोलमधून ते ३८ काढायचे. रोल भरताना फिल्मच्या टोकाला उजेड लागतो, म्हणून सुरुवातीचे दोन फोटो कोरे सोडायची रीत. बाबा खिडकीकडे पाठ करून, फिल्मची शेपटी अगदी जेमतेम अडकवून रोल भरायचे. कधीकधी ही काटकसर अंगाशी यायची, पहिलाच फोटो एका बाजूने जळका निघायचा. आमच्या एका वर्षीच्या गणपतीला अर्धंच मखर आहे.

कॅमेऱ्याला मात्र इतक्या पावसाळ्यांत बुरशी लागली नाही. तो फरसाणाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट झोपलेला असायचा. लेकीने तो मागितला तेव्हा बाबांनी आधी पुड्या मोजून काढून घेतल्या.

तिचा रोल तलावपाळीवर, येऊरला आणि मामलेदारच्या मिसळीपुढे बसलेल्या मैत्रिणींवर खर्च झाला. गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, ‘आजोबा, दोनच उरलेत.’ आईचा हात लगेच केसांकडे गेला. एरवी फोन समोर धरला तर ती निवडत असलेल्या मेथीतून मान वर काढत नाही.

बाबांनी पेपर खाली ठेवला. ‘आकडा काय दाखवतोय?’

‘चौतीस.’

‘मग दोन कसे? चार आहेत. रोल भरून कोणी दिलाय?’