हो गं बाई, आंबणंच

परवा आठवीच्या वर्गात फळ्यावर 'किण्वन' लिहिलं. यीस्ट, ग्लुकोज, अल्कोहोल, कार्बन डायऑक्साइड असं सगळं वीस मिनिटं सांगून झालं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे आंबणं का?" हो गं बाई, आंबणंच.

मला वाटायचं, हा शब्द कुठल्या तरी परिभाषा समितीनं बसून पाडलाय. घरी येऊन शोधलं तर चाटच पडले. 'किण्व' कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे, सुराध्यक्षाच्या प्रकरणात. दारू गाळायला लागणारं ते विरजण म्हणा ना. आणि त्यात काय घालायचं? वाटलेले उडीद, त्याहून जास्त तांदूळ, शिवाय मोरट वगैरे वनस्पती थोडी. मी लगेच मालवणला आईला फोन लावला. तिचं आंबोळीचं माप तीनास एक, वर चमचाभर मेथी. ती म्हणाली, "मेथी नाय घालीत ते? मग जाळी कशी पडात?"

आई यीस्ट घालत नाही, हेही वर्गात सांगायला हवं होतं. उडदाबरोबर आलेले ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणूच पीठ फुगवतात.

'आंबणं' संस्कृत अम्लावरून आलं. प्राकृतात त्याचं अंब झालं, आणि आम्राचंही अंबच. म्हणून आंबट आणि आंबा इतके सख्खे वाटतात. आहेत मात्र वेगळ्या घरचे. आंबील, आंबूस हे आंबटाच्या घरातले. पण खरी मजा वापरात आहे. दूध आंबत नाही, नासतं. भाजी विटते. भात आंबतो, पीठही आंबतं, पण भात आंबला की फेकायचा आणि पीठ आंबलं की तवा ठेवायचा. आणि सहा तास उभ्यानं शिकवलं की पाय आंबतात. पायांचं किण्वन झालं असं म्हणून बघा बरं!

काल हुरूप येऊन मीही पीठ भिजवलं. पुण्यातली डिसेंबरची थंडी. पातेलं शालीत गुंडाळून ओट्यावर ठेवलं. सकाळी सहाला बघते तर पीठ होतं तिथंच. डबे तर भरायचे होते. शेवटी चिमूटभर सोडा घातला. आईला सांगितलेलं नाही.