गिलमननी आधी शिक्षक शोधले

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीचे पहिले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन, हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही, पण कोकणातल्या प्रत्येक संस्थाचालकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. 1831 चा जन्म, येलमध्ये शिकले, तिथेच लायब्ररी सांभाळली, भूगोल शिकवला, 1872 ला कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष झाले, पण राजकारण्यांच्या लुडबुडीला वैतागले आणि तेवढ्यात बाल्टिमोरहून बोलावणं आलं.

तिथला व्यापारी जॉन्स हॉपकिन्स 1873 मध्ये वारला, लग्न केलेलं नव्हतं, 70 लाख डॉलर मागे ठेवले, निम्मे त्याच्या नावाच्या नव्या युनिव्हर्सिटीला आणि निम्मे हॉस्पिटलला. एवढा पैसा हातात आला की आधी बांधकामच निघतं ना! गिलमननी मात्र हॉवर्ड स्ट्रीटवरची राहती घरं डागडुजी करून घेतली, 1876 ला तिथेच वर्ग सुरू केले आणि पैसा माणसांवर लावला.

हेन्री रोलंडचीच गोष्ट घ्या. फिजिक्सचा पोरगा, त्याचा चुंबकत्वावरचा पेपर अमेरिकेतल्या जर्नलने नाकारला, पण तोच विजेचुंबकत्वाचे मोठे शास्त्रज्ञ मॅक्सवेल यांना आवडला आणि त्यांनी इंग्लंडमध्ये छापवून आणला. तरी कॉलेजात बढती नाही, का तर वय लहान! गिलमनना हे कळल्यावर त्यांनी तार करून त्याला भेटायला बोलावलं, मॅक्सवेलची पत्रं बघितली आणि नेमून टाकलं, वर सोबत युरोपलाही नेलं. याच रोलंडने पुढे बारीक रेघा ओढायचं मशीन बनवलं, ज्यामुळे उत्तम ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या बारीक रेघांच्या पट्ट्या, तयार व्हायला लागली. आमच्या लॅबमध्ये पोरं सोडियमच्या दिव्यासमोर ग्रेटिंग लावून दुर्बिणीतून त्या दोन चिकटलेल्या पिवळ्या रेषा शोधतात ना, तेव्हा मी हा किस्सा सांगतेच.

गणिताला साठी ओलांडलेले सिल्व्हेस्टर आणले, ज्यू असल्यामुळे केंब्रिजने ज्यांना वेळेवर डिग्रीसुद्धा दिली नव्हती. शिवाय संशोधन करणाऱ्या मुलांना वर्षाला 500 डॉलरच्या 20 फेलोशिप.

एक गोष्ट मात्र मला खटकते. क्रिस्टीन लॅडने 1882 पर्यंत हॉपकिन्समध्येच पीएचडीचं सगळं काम पूर्ण केलं, पण बाई म्हणून डिग्री नाही, ती मिळाली 1926 ला, तोवर गिलमन जाऊनही 18 वर्षं झाली होती. हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल 1893 ला सुरू झालं तेव्हा मुलींना प्रवेश होता, पण तोही मेरी गॅरेटबाईंनी पैसे देताना तशी अटच घातली म्हणून. आपल्या आनंदीबाई जोशी 1886 लाच फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या होत्या, पण ते बायकांचं वेगळं कॉलेज होतं.

आता आपल्याकडे बघा. मुंबईचे चाकरमानी गावच्या कॉलेजला सढळ हाताने देतात, जांभ्याच्या खोल्या उभ्या राहतात, आईवडिलांच्या नावाची पाटी लागते, ती माया खरी आहे आणि मला तिचा आदर आहे. पण आत शिकवणारे आम्ही सीएचबीवाले, म्हणजे क्लॉक अवर बेसिसवरचे, तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्महिने अडकलेलं, मग चांगला माणूस दोन वर्षांत पुण्याला निघून जातो आणि पोरं पुन्हा नव्या सरांची वाट बघतात. त्याच पाटीवर देणगीदाराच्या आईच्या नावाने फिजिक्सच्या एका शिक्षकाचा पाच वर्षांचा पगार का नसावा? गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हा संस्थेची सभा होते, त्यात मी हे लेखी मांडणार आहे. तुमच्या गावात कोणी असं केलं असेल तर पैसे कुठे ठेवले, पगार कसा काढला, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.