सरे हिल्स राईड नोंद: कोल्डहार्बर, व्हाइट डाउन आणि स्वीपची जबाबदारी

इंग्लंडमध्ये लंडनच्या दक्षिणेला असलेल्या सरे हिल्स या टेकड्यांत मे महिन्याची सायकलींची ग्रुप राईड झाली. मार्ग असा होता: डॉर्किंग स्टेशन, कोल्डहार्बर, लीथ हिल, फॉरेस्ट ग्रीन, होम्बरी सेंट मेरी, पीसलेक, ॲबिंजर हॅमर, व्हाइट डाउन लेन, रॅनमोर कॉमन आणि परत डॉर्किंग. अंतर ४० किलोमीटरच्या आसपास, चढाई ६०० मीटरच्या आतबाहेर. यावेळी स्वीप मी होतो, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायचं आणि कुणालाही मागे पडू द्यायचं नाही. गेला हिवाळाभर त्याचीच तयारी चालली होती, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

आकडे बघून पुण्याकडच्या मंडळींना हे किरकोळ वाटेल. पण इथले चढ वेगळ्या जातीचे आहेत. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट दहा-बारा किलोमीटर वळसे घेत चढतो. एकदा लय सापडली की गिअरला फारसा हात न लावता माणूस वर पोचतो. इंग्लंडच्या या लेन म्हणजे जुन्या पायवाटा आणि घोडागाडीच्या वाटा, त्यांच्यावरच पुढे डांबर पडलं. टेकडी आली की रस्ता नाकासमोर वर जातो. चढ किलोमीटर-दीड किलोमीटरचाच असतो, पण मध्येच १२, १५ टक्क्यांचा तुकडा येतो आणि लय मोडते. वर पोचून श्वास जागेवर येतो तोच अरुंद, ओलसर, पाचोळ्याचा उतार. दिवसभर हेच. दमवतात ते हे चढउतारच.

त्यासाठी गिअर बदलून घेतले. पुढची ५० आणि ३४ दातांची दोन चक्रं (५०/३४) तशीच ठेवली, मागची ११-२८ कॅसेट, म्हणजे ११ ते २८ दातांच्या चक्रांचा संच, काढून ११-३४ बसवली. मिनिटाला ६० फेरे पेडल मारले तर ३४/२८ वर (पुढे ३४ दात, मागे २८) ताशी साधारण ९ किलोमीटर वेग पडतो, ३४/३४ वर साडेसात. दीड किलोमीटरचा फरक कागदावर दिसत नाही, पण स्वीपला तोच लागतो. आपल्यापुढे नवखा माणूस ताशी सात-आठच्या वेगाने चढत असेल, तर त्याच्या मागे तोल न जाता, गुडघ्यावर जोर न येता तेवढंच हळू चढता आलं पाहिजे. कुणाला हा बदल करायचा असेल तर मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ३४ दातांपर्यंत चालतो का ते आधी बघा, आणि साखळीही लांब घ्या. जुनी साखळी पुढच्या मोठ्या चक्रावर आणि मागच्या मोठ्या चक्रावर एकाच वेळी गेली की ताणली जाते आणि डिरेलर तोडते.

डॉर्किंगहून बाहेर पडलं की कोल्डहार्बर लेन लगेच चढायला लागते. रस्ता दोन्ही बाजूंच्या वालुकाश्मात खोल रुतलाय. कडा डोक्याच्या वर जातात, त्यातून बीच झाडांची मुळं उघडी पडून लोंबतात आणि वर फांद्यांचं छत. शतकानुशतकं चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने मऊ दगड झिजत गेला आणि रस्ता खाली गेला. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत अंधार आणि गारवा, त्यामुळे मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवायचा. बांधावर रानलसूण फुललेली होती, दमलेल्या श्वासातही तिचा वास भरून राहिला होता.

लीथ हिल हा सरे परगण्यातला सर्वांत उंच माथा, २९४ मीटर. अठराव्या शतकात त्यावर बुरूज बांधला गेला, त्यामुळे बुरुजाचा माथा हजार फुटांच्या वर जातो. सायकल ठेवून वर चालत जायला वेळ लागतो, म्हणून यावेळी तो बेत ठेवला नव्हता. बॉक्स हिलही मुद्दाम वगळली. २०१२च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांची रोड रेस तिच्यावरून नऊ फेऱ्या मारून गेली आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथे सायकलींची जत्रा असते. चढ सुंदर आणि एकसारखा आहे, पण नवख्यांसोबत शांतपणे जायचं तर दक्षिणेकडच्या लेन बऱ्या.

आता ग्रुपच्या शिस्तीबद्दल, कारण मला सर्वांत जास्त तिचंच कौतुक आहे. लेनमध्ये जेमतेम एक गाडी मावते. समोरून गाडी आली की पुढचा माणूस ‘कार अप’ ओरडतो, मागून आली की स्वीप ‘कार डाउन’, आणि प्रत्येक जण ते पुढच्या-मागच्याला पोचवतो. काही क्लबांत इशारे वेगळे असतात, निघायच्या आधी विचारून घ्यावं. खड्डा, खडी, चिखल यांच्याकडे हाताने बोट दाखवायचं. २०२२मध्ये हायवे कोड, म्हणजे इथली रस्त्याच्या नियमांची पुस्तिका, सुधारला, त्यात दोघांनी शेजारी-शेजारी चालवणं, विशेषतः मोठ्या ग्रुपमध्ये, अधिक सुरक्षित असू शकतं हे स्पष्ट लिहिलंय. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात गाडीवाल्याने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावं, हेही आहे. तरी अरुंद लेनमध्ये आम्ही एकेरी होतो आणि जागा मिळाली की थांबून गाडीला पुढे जाऊ देतो. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असेल तर आवर्जून. रस्ता त्याच्या रोजच्या कामाचा आहे.

होम्बरीच्या अलीकडे दोन घोडेस्वार भेटले. मागून आवाज न करता गेलो तर घोडा बिचकतो, म्हणून लांबूनच ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं, वेग अगदी कमी करायचा आणि उजवीकडून, भरपूर अंतर ठेवून जायचं. डावीकडून कधीच नाही.

आणि चढाच्या माथ्यावरचा नियम. लीड, म्हणजे सगळ्यांच्या पुढचा, वर पोचला की थांबतो, सगळे जमतात, शेवटी स्वीप येतो. त्यानंतरही दोन-तीन मिनिटं कुणी हलत नाही. शेवटचा माणूस आल्याबरोबर निघालो तर सगळ्यात दमलेल्यालाच विश्रांती मिळत नाही. बऱ्याच ग्रुपमध्ये हे पाळलं जात नाही, आणि नवे लोक परत का येत नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

पीसलेकच्या गावदुकानात चहा आणि चीज स्ट्रॉ. माउंटन बाईकवाल्यांचं हे लाडकं ठिकाण. ॲबिंजर हॅमरला रस्त्यावर पुढे आलेलं घड्याळ आहे. त्यातला लोहाराचा पुतळा दर तासाला घणाने घंटेवर ठोके देतो. टिलिंगबोर्न नदीच्या पाण्यावर इथे कधीकाळी लोखंड ठोकायचे घण चालत, गावाचं नाव त्यावरूनच.

मग व्हाइट डाउन. इथे वालुकाश्म संपून चुनखडीची कड सुरू होते. रेल्वे ओलांडली की झाडीत लेन उभी राहते, चढ १८ टक्क्यांपर्यंत जातो. चॉक, म्हणजे ही मऊ पांढरी चुनखडी, ओला असला की मागचं चाक घसरतं, म्हणून उभं न राहता सीटवर बसून, छाती हँडलबारकडे झुकवून चढायचं, वजन मागच्या चाकावर राहतं. माझ्यापुढे यंदाच सायकल सुरू केलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्यांना एवढंच सांगितलं की लांब बघू नका, पुढच्या चाकासमोरचा वावभर रस्ता बघा. मध्ये एकदा उतरल्या, मीही उतरलो, थोडं चालून सपाटसर जागा मिळताच पुन्हा बसलो. दुसऱ्या महायुद्धातल्या काँक्रीटच्या चौक्या या कडेवर अजून उभ्या आहेत, वर पोचल्यावर शिक्षिकाबाईंनी स्वतःच त्या दाखवल्या. ३४ दातांचं चक्र पूर्ण चढभर वापरलं आणि गुडघे दुसऱ्या दिवशी अजिबात बोलले नाहीत. तयारीचं चीज झालं.

रॅनमोरवरून उतरताना टायर तपासून घ्या. या बाजूला गारगोटीचे धारदार तुकडे पावसानंतर रस्त्यावर वाहून येतात. एकाच्या टायरला चीर गेली, ट्यूबलेस टायरमध्ये भोक बुजवायला असतो त्या द्रवाने ती बुजली नाही, प्लग (रबरी बूच) घालावा लागला. २८ऐवजी ३२ मिमी टायर बसत असतील तर बसवाच.

जूनमध्ये शिअरहून कूम बॉटमचा चढ करायचा विचार आहे. स्वीप पुन्हा मीच. उन्हाळ्यात कुणी महाराष्ट्रातून लंडनला येणार असेल तर कळवा. वॉटर्लूहून डॉर्किंगला थेट गाडी आहे आणि शनिवार-रविवारी सायकल सोबत नेता येते.