शाळेत पाणी पितेस का?

जून २०२४ मध्ये मी आमच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका. पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, शाळेत जे मिळतं त्यावर मुलं समाधानी आहेत का, ते त्यांनाच विचारू.

आधी विचारलं ते चुकीचं. वर्गात उभी राहिले, शेजारी गुरुजी, आणि म्हटलं, "खिचडी, पाणी, संडास, सगळं चांगलंय ना?" सगळी एका सुरात, "होऽऽ!"

त्याच संध्याकाळी सहावीतल्या माझ्या लेकीचं दप्तर आवरताना पाण्याची बाटली हाताला लागली. सकाळी भरून दिली होती, तशीच होती. विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं ना, आई."

मग प्रश्न बदलले. 'आवडतं का' असं नाही, 'शाळेत पाणी पितेस का, नसशील तर का' असं. बिननावाच्या चिठ्ठ्या, गुरुजी बाहेर. लहानग्यांचं आम्ही आयांनी बसून ऐकून घेतलं. शाळेचं नाव खराब होईल, अशी मुख्याध्यापकांना काळजी होती. चिठ्ठ्या समितीबाहेर जाणार नाहीत म्हटल्यावर ते तयार झाले.

खिचडीबद्दल तक्रार एकच, मटकी कच्ची राहते. स्वयंपाकाच्या मावशी आदल्या रात्री भिजत घालू लागल्या, मिटलं. पण सहावी-सातवीच्या ४१ मुलींपैकी २९ जणींनी लिहिलं होतं, पाणी पीत नाही. एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे: "कडी तुटली आहे. मैत्रीण दार धरते. ती आली नाही तर मी जात नाही."

शाळेच्या माहितीच्या फॉर्मात मुलींचं स्वच्छतागृह 'आहे' असंच लिहिलेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण कडीचा रकाना कुठल्या फॉर्मात असतो?

कड्या दोन दिवसांत बसल्या. शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला पन्नास हजारांचं अनुदान मंजूर असतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. त्यातूनच खर्च केला. आत नळ नव्हता, मुली बाहेरून बादली न्यायच्या. त्याला वेळ लागला. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता, हे ग्रामसेवकांकडून कळलं. समितीचा ठराव केला, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो मीच वाचला. आवाज कापत होता, पण मागच्या बायकांनी "बरोबर आहे" म्हणून साथ दिली. दिवाळीच्या सुट्टीत पाइप टाकून झाला.

जानेवारीत पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. पाणी न पिणाऱ्या आता आठ. त्यातल्या तिघींनी एकच गोष्ट लिहिली होती: पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो पहिला विषय घेतला आहे.