सगळं मुसळ केरात

कादंबरी तीनशे पानांची. घाट, वेताळ, लढाया, राजघराण्यातली भांडणं सगळं भराभर लिहून झालं. अडलं ते शेवटच्या प्रकरणात. पुण्यातल्याच एका प्रकाशनाने हस्तलिखित अडीच महिने ठेवून घेतलं आणि परत केलं तेव्हा समासात लाल पेनाने एवढंच लिहिलेलं: 'मग पहिल्याच दिवशी का नाही मोडली?'

अडीच महिन्यांत सहा शब्द! आठवडाभर मी धुसफुसत होतो. जास्त राग याचा की तिथल्या संपादक बाईंचा प्रश्न बिनतोड होता. माझी तलवार शापित: जो उपसेल त्याच्या हातून सख्खा भाऊ मरणार. शेवटी नायक ती ज्वालामुखीत फेकतो. पण ज्वालामुखी दुसऱ्या प्रकरणापासून वाड्यामागेच धुमसतोय. आजोबांनीच का नाही फेकली?

मी ज्वालामुखी लांब नेला. मग वाटेत राक्षस बसवले. त्याने फक्त पानं वाढली. त्यात भूगर्भशास्त्र शिकवणारा मेहुणा म्हणाला, "बेसॉल्टचा लाव्हा फार तर १२०० अंशांचा, लोखंड वितळतं १५३८ला. तुझी तलवार नुसती लाल होईल." वर हेही, की सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय.

शेवटी आईने सोडवलं. मेथी निवडता निवडता म्हणाली, "यादवांनी मोडलंच होतं की रे मुसळ." खरंच! ऋषींच्या शापाने कृष्णपुत्र सांबाच्या पोटी आलेलं, यादवकुळाचा नाश करणारं ते लोखंडी मुसळ त्यांनी लगेच कुटून, भुकटी करून समुद्रात टाकलं. त्या भुकटीचं प्रभासच्या किनाऱ्यावर लव्हाळं उगवलं, आणि दारूच्या नशेत तेच उपटून ते एकमेकांवर तुटून पडले. भागवतात तर उरलेला तुकडा माशाने गिळला आणि जरा नावाच्या व्याधाच्या बाणाला लागला. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीही माझ्याच गावात, आणि मी ज्वालामुखी शोधत बसलो होतो.

मग मी पहिल्याच प्रकरणात तलवार मोडली. हडपसरच्या बाजूला रस्त्याकडेला एक लोहार ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे कोयते करतो, त्याची बायको समोरून घण घालते. तासभर बघत उभा राहिलो. माझ्या लोहारानेही तुकड्यांची खुरपी, विळे, नाल केले. शाप सात घरांत गेला.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: शापित वस्तूची गोष्ट लिहायची तर शापाचे शब्द पहिलं पान लिहिण्याआधी लिहून काढा, उःशापासकट. माझा उःशाप असा, की उपसलेली तलवार आपण होऊन भावाच्या हातात द्यायची आणि त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. त्यासाठी ती अखंड हवी. म्हणजे आजोबांनी घाईने मोडली तिथेच घोळ झाला, आणि नातवाला तीनशे पानं वणवण करायला कारण मिळालं. आणखी एक: ज्याला ती वस्तू नष्ट करण्यात सर्वांत जास्त फायदा आहे, त्याने का नाही केली, हे प्रत्येक पात्राला विचारा. वाचकाने विचारण्याआधी.

नवं हस्तलिखित यंदा तीन आठवड्यांतच परत आलं. समासात तोच लाल पेन: 'पान १२ वर तुकडे सात. जोडले सहाच.'

मोजले. सहाच आहेत.